पिवळा टँग, निळा टँग, पावडर ब्लू: किती फुटांचा टँक लागेल?

ठाणेकर_रीफ
नमस्कार मंडळी. सध्या ३ फूट × १८ इंच × १८ इंचांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात क्लाउनफिशची जोडी. आता मोठा टँक करायचा आहे आणि त्यात टँग (सर्जनफिश) जातीचे समुद्री मासे हवेत: एक पिवळा, एक निळा (हिप्पो) आणि जमलं तर पावडर ब्लू. दुकानात "३०० लिटरच्या वर काहीही चालेल" असं सांगितलं. हॉलमध्ये साडेसहा फुटांची मोकळी भिंत आहे. दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एक, ३ × ३ फूट आणि २ फूट उंच असा क्यूबसारखा टँक. दुसरा, ६ × २ फूट आणि दीड फूट उंच. दोन्हींचे लिटर सारखेच भरतात. क्यूब दिसायला देखणा वाटतो. टँगच्या दृष्टीने फरक पडतो का?

खारवा
पडतो, आणि खूप पडतो. दोन्ही टँक १८ घनफूट, म्हणजे ५१० लिटर. पण क्यूबमध्ये माशाला सरळ पोहायला ९० सेंटिमीटर मिळतात, लांब टँकमध्ये १८०. पूर्ण वाढलेला पिवळा टँग १८-२० सेंटिमीटरचा होतो. क्यूबमध्ये तो शेपटीचे चार-पाच फटके मारतो आणि समोर काच येते. मधोमध खडकाचा ढिगारा असेल (क्यूबमध्ये असतोच), तर त्याच्याभोवती गोल फिरणं एवढंच उरतं.

लिटरवरून आपल्याला पाणी किती स्थिर राहील ते कळतं, म्हणजे नायट्रेट किती हळू चढेल, तापमान किती हळू बदलेल. मासा किती पोहू शकेल हे लिटर सांगत नाहीत. टँगसाठी मापं या क्रमाने बघा: आधी लांबी, मग रुंदी (समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत), मग खडक रचल्यावर उरणारी मोकळी वाट, आणि सगळ्यात शेवटी उंची. उंची वाढवून लिटर वाढवणं हा सर्वांत निरुपयोगी खर्च. काच जाड घ्यावी लागते, लाइट जास्त लागतो, तळापर्यंत हात पोहोचत नाही आणि माशाला काही मिळत नाही.

रुंदीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. सरळ पोहणं लांबीवर ठरतं, वळणं रुंदीवर. पंचवीस सेंटिमीटरचा मासा दीड फूट रुंद टँकमध्ये वळतो तेव्हा ४५ सेंटिमीटरपैकी खडकाने २५ खाल्लेले असतात. मग तो वेग कमी करून, अंग मुडपून, काचेला घासत वळतो. २ फूट रुंदी ही टँगसाठी किमान समजा. अडीच मिळाली तर लांबी अर्ध्या फुटाने कमी झाली तरी चालेल.

तुमच्या भिंतीला ६ × २ × २ करा, उंची त्याहून जास्त नको. ६८० लिटर.

निळीलाट
खारवांना अनुमोदन. पण "टँग" या एका शब्दात फार वेगवेगळे मासे येतात, त्यामुळे माशागणिक बोलू. खाली लांबी पूर्ण वाढीची आहे. दुकानात दिसणारा ५-६ सेंटिमीटरचा पिल्लू-मासा बघून ठरवू नका.

टोमिनी आणि कोले (टेनोकीटस गट): १५-१८ सेंटिमीटर. यांचा दिवस खडकावरचा बारीक थर ब्रशसारख्या दातांनी खरवडण्यात जातो. थोडं पोहतात, थांबतात, टोचतात, पुढे सरकतात. ४ × २ फुटांत नीट राहणारे टँग हेच.

पिवळा (झेब्रासोमा फ्लेव्हेसेन्स): २० सेंटिमीटरपर्यंत. उंच, चपट्या अंगाचा, खडकाच्या फटींतून ये-जा करणारा. ५ फूट चांगले, ६ उत्तम. याच गटातला जांभळा टँग लाल समुद्रातला. मापाला थोडा मोठा आणि स्वभावाने बराच तिखट.

सेलफिन (डेजार्डिनी, व्हेलिफेरम): हेही झेब्रासोमाच, पण ४० सेंटिमीटर होतात. पिल्लू फार सुंदर दिसतं आणि पिवळ्याच्याच मापाचं असतं, त्यामुळे लोक फसतात. ८ फुटांखाली घेऊ नये.

निळा किंवा हिप्पो (पॅराकँथुरस हेपॅटस): ३० सेंटिमीटर. याचं पोहणं लांब आणि सरळ. ६ फूट किमान.

पावडर ब्लू (अकँथुरस ल्युकोस्टर्नॉन): टँकमध्ये साधारण २०-२३ सेंटिमीटर. हा आपल्या हिंदी महासागरातला मासा, लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर असतो. राहतो तो प्रवाळाच्या उथळ माथ्यावर, जिथे लाटा फुटतात आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. दिवसभर थांबत नाही. लांबी ६ फूट तर हवीच, पण त्याहून महत्त्वाचा पाण्याचा जोर.

नासो: ४५ सेंटिमीटर. ८ फूट × ३ फूट नसेल तर विषय सोडा. युनिकॉर्नफिश म्हणून विकतात त्यातली जात ७० सेंटिमीटरपर्यंत जाते. ती घरातल्या टँकची नाहीच.

ठाणेकर_रीफ
मनापासून आभार, क्यूब रद्द. दोन शंका आहेत. घर चौथ्या मजल्यावर, इमारत साधारण वीस वर्षांची. ६८० लिटरचं वजन स्लॅब घेईल का? आणि ६ फुटांचा टँक लिफ्टमध्ये जाणार नाही, तेव्हा काय करतात?

बीम_कॉलम
वजनाचा हिशोब आधी मांडू.

कडेपासून दोन इंच सोडून भरलं आणि वाळू-खडकाची जागा वजा केली तर पाणी ५८५ लिटरच्या आसपास. खारं पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणजे ६०० किलो. काच १२ एमएम धरली तर तळ आणि चार बाजू मिळून ४४ चौरस फूट, म्हणजे साधारण १२५ किलो. खडक ४०, एक इंच वाळू ४० ते ४५. खालचा संप (मुख्य टँकखालची फिल्टरची टाकी) पाण्यासकट १७०, लोखंडी स्टँड ८०. एकूण साडेदहाशे किलो ते अकराशे. आणि हे सगळं बारा चौरस फुटांवर.

राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतक्या भारासाठी धरतात. तुमचा टँक उभा असलेल्या जागेवर तो आकडा हजाराच्या जवळ जातो. म्हणजे लगेच स्लॅब कोसळेल असं नाही, कारण २०० हा आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे. पण टँक कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या बाहेर निघालेल्या स्लॅबवर नको म्हणजे नकोच. ज्या भिंतीखाली बीम आहे, तिला लांबी समांतर लावून, एक टोक कॉलमजवळ, ही योग्य जागा. नुसती भिंत दिसते म्हणून खाली बीम असेलच असं नाही. ४ इंची भिंती कित्येकदा थेट स्लॅबवर बांधलेल्या असतात. सोसायटीकडे स्ट्रक्चरल नकाशे असतात, ते मागा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला जागेवर बोलवा. छताला तडे, गिलावा फुगलेला, सळ्या दिसताहेत अशी इमारत असेल तर हा बेत इथेच थांबवा.

स्टँडला चारच पाय देऊ नका. २ × २ इंची एमएस बॉक्स पाइप, खाली पूर्ण लांबीची पट्टी, त्याखाली १८ एमएम मरीन प्लाय, म्हणजे भार चार बिंदूंवर न येता रेषेत पसरतो. पावडर कोटिंग दिसायला छान, पण एक कपचा उडाला की मिठाचं पाणी आतून गंज धरतं. वेल्डिंग घासून इपॉक्सी प्रायमर, त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. पाइपची उघडी तोंडं वेल्डरकडून बंद करून घ्या, तिथूनच सुरुवात होते.

लिफ्टचं: काचा सुट्या वर न्यायच्या आणि टँक जागेवरच जोडायचा. ओव्हरफ्लोची (वरचं पाणी संपमध्ये उतरवणारी) भोकं काचवाल्याकडेच पाडून घ्या. तळाला टफन्ड काच घेणार असाल तर भोकं टफनिंगच्या आधी; नंतर ड्रिल टेकवलं की काचेचा चुरा होतो. सिलिकॉन ॲसिटिक क्युअरचं (सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं), बुरशीरोधक न घातलेलं. बाथरूमसाठी मिळणारी बहुतेक ट्यूब बुरशीरोधक असते, ती माशांना विषारी. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने कडेकडून आत सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. १२ एमएमचा जोड वरून हाताला कोरडा लागला तरी पोटात ओला असतो. दहा दिवस हात लावू नका.

लांबपल्ला
थोडा वेगळा सूर लावतो. ४ × २ फुटांत पिवळा टँग कित्येक टँकमध्ये वर्षानुवर्षं दिसतो. खातो, रंग झळझळीत असतो, जाड असतो. "५ फूट नसेल तर घेऊच नका" म्हटलं की नवा माणूस घाबरून छंदच सोडतो. आणि पिल्लू घेऊन दोन वर्षांनी मोठ्या टँकमध्ये हलवता येतं.

खारवा
लांबपल्ला, तुमचा मुद्दा टोमिनीला पूर्ण लागू आहे आणि पिवळ्याला अर्धा. एकटा पिवळा, ४ × २ फूट, खडक कमी, बरोबर दुसरा टँग नाही, एवढ्या सगळ्या अटी पाळल्या तर चालतो. पण बहुतेक जण तो टँकमधला पहिला मासा म्हणून आणतात. सहा महिन्यांत तो पूर्ण टँक आपला मानतो आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाला शेपटीजवळचा काटा दाखवतो. सर्जनफिश हे नाव त्या काट्यावरूनच पडलंय. अंगाला चिकटलेला असतो तोवर दिसतसुद्धा नाही. आडवं होऊन शेपूट झटकली की समोरच्याच्या कुशीवर ब्लेडने ओढल्यासारखी सरळ रेघ उमटते. ४ फुटांत मार खाणाऱ्याला पळायला जागा नसते. ६ फुटांत तो खडकाच्या पलीकडे जातो, नजरेआड होतो आणि भांडण तिथेच मिटतं. लांबीचा खरा उपयोग हा आहे.

"नंतर हलवू" हे प्रामाणिकपणे करणारे फार थोडे. शिवाय पूर्ण रचलेल्या रीफमधून टँग पकडायचा तर अर्धे खडक बाहेर काढावे लागतात. जाळी वापरली तर तोच काटा जाळीत अडकतो आणि मासा फाटतो. नवा मोठा टँक किती महिन्यांत उभा राहणार याची तारीख ठरलेली असेल तरच पिल्लू आणा.

जागा कमी पडते आहे हे कसं ओळखायचं तेही लिहितो. काचेच्या एकाच कोपऱ्यात वर-खाली, वर-खाली, दिवसभर. खाणं टाकल्यावर थांबतो आणि मग पुन्हा तेच. नव्या माशाने पहिले तीन-चार दिवस असं केलं तर काळजी नको, प्रतिबिंबाशी भांडत असतो. बाहेरून कागद लावा, थांबतो. महिन्यानंतरही चालू असेल तर टँक लहान आहे.

क्षार_ताई
सगळे फुटांवर बोलताय, म्हणून मी ऑक्सिजनवर येते. कारण ६ फुटांच्या टँकमध्येही टँग गुदमरून मरतो आणि आपल्याकडे ते मे महिन्यात होतं.

गोडं पाणी २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं. त्याच तापमानाला खारं पाणी धरतं पावणेसात. ३० अंशांना ते सव्वासहापर्यंत उतरतं. आणि तापमान वाढलं की माशाची गरज वाढते. सतत पोहणाऱ्या माशाची तर आणखीच. पहाटेच्या सुमाराला, शेवाळ आणि प्रवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरून झाल्यावर, पातळी सर्वांत खाली असते. त्यामुळे मासे सकाळी मेलेले सापडतात.

म्हणून तापमान २५-२६ ठेवा. पंखा लावून बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेत, पुण्यात किंवा नाशिकला. ठाण्याच्या जूनच्या दमट हवेत पंखा जवळजवळ निरुपयोगी. चिलर लागेलच. तो स्टँडच्या कपाटात कोंडू नका. तो जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी (आणि स्वतःची वेगळी) कपाटात सोडतो, मग तीच गरम हवा ओढून दिवसभर चालू राहतो. बाल्कनीच्या सावलीत ठेवून पाइप आत आणा.

पाण्याची हालचाल: टँगसाठी डिस्प्लेच्या (मुख्य टँकच्या) लिटरच्या २५ ते ४० पट ताशी. तुमच्या टँकला १५,००० ते २५,००० लिटर, दोन वेव्हमेकरमध्ये (टँकमध्येच पाणी फिरवणाऱ्या पंपांमध्ये) विभागून, दोन टोकांना आमनेसामने. रिटर्न पंपाकडून (संपमधलं पाणी वर पाठवणाऱ्या) हे काम घेऊ नका. संपमधून ताशी तीन ते पाच पट पुरते. वेव्हमेकरपैकी एक पृष्ठभागाकडे तिरका, पाण्याचा वरचा थर चुरगळलेला दिसला पाहिजे. पृष्ठभाग आरशासारखा दिसत असेल तर वायूंची देवाणघेवाण होत नाहीये. स्किमरला (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राला) बाहेरच्या हवेची नळी लावली तर बंद एसी खोलीत पीएच घसरणं कमी होतं.

वीज गेली तर: चिलर घरगुती इन्व्हर्टरवर घेऊ नका. एक डीसी वेव्हमेकर तेवढा घ्या. १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीतली अर्धी क्षमताच मोजली तरी ९०० वॉट-तास मिळतात. ४० वॉटचा वेव्हमेकर त्यावर वीस तास चालतो.

बीम_कॉलम
वीज जाण्यावरून आठवलं. रिटर्न पंप थांबला की डिस्प्लेचं पाणी ओव्हरफ्लोने खाली येतच राहतं. ६ × २ फुटांत पातळी एक इंच उतरली की संपमध्ये २८ लिटर येतात, वर पाइपमधलं वेगळं. रिटर्नचं तोंड पाण्यात चार इंच खोल असेल तर ते उलटं ओढायला लागतं आणि शंभराच्या वर लिटर खाली येऊन हॉलमध्ये पसरतं. तोंड पृष्ठभागाच्या अर्धा इंच खाली ठेवा. पाइपला बारीक भोक पाडण्यावर विसंबू नका, शेवाळाने महिन्यात बुजतं. संपमध्ये ६० लिटर रिकामी जागा कायम ठेवा आणि मासे टाकण्याआधी मेन स्विच बंद करून तीन-चार वेळा तपासा.

निळीलाट
खडकाची रचना राहिली. ६ फुटांचा टँक घेऊन मागच्या काचेला भिंतीसारखा खडक रचला, तर रुंदी अर्धी गेली आणि टँगच्या हिशोबाने तो ६ × १ फुटांचा टँक झाला.

दोन बेटं करा. एक मोठं, डावीकडे एक तृतीयांश भागात. दुसरं लहान, उजवीकडे. मध्ये दीड फूट मोकळं. समोरच्या काचेपासून २० सेंटिमीटर, मागच्या काचेपासून १५, बाजूच्या काचांपासून १५ सोडा. मागची वाट सोडतात फार कमी लोक, पण त्यामुळे मासा इंग्रजी आठच्या आकारात न थांबता पोहू शकतो, काचेपाशी येऊन परत फिरावं लागत नाही. खडक ४० किलो पुरेत. तळाच्या काचेवर खडक आधी टेकवा आणि वाळू नंतर भरा. वाळूवर ठेवलेला खडक गोबी किंवा रॅस जातीचे मासे उकरून पाडतात.

बेटांमध्ये आरपार बोगदे हवेत, बंद बिळं नकोत. एक अपवाद, निळ्या टँगला रात्री अरुंद फट लागते. दिवे मालवण्याच्या अर्धा तास आधी बघा. तो आडवा होत एकाच ठरलेल्या फटीत शिरतो, पाठीचे काटे उभे करून स्वतःला अडकवून घेतो, निळा रंग फिका पडतो. नवखा माणूस मेला म्हणून ओढून काढायला जातो. ओढू नका, काटे मोडतात. पिवळाही रात्री मळकट होतो, अंगावर तपकिरी डाग आणि मधून पांढरी रेघ. सकाळी दिवे लागले की पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा पिवळाजर्द.

आणि "लाइव्ह रॉक" म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळखडक कोणी देऊ लागलं तर हात लावू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ड्राय रॉक किंवा सिरॅमिकचे खडक घ्या, बाटलीतले जिवाणू टाका, ते बसायला सहा-आठ आठवडे द्या. टँगला त्यावर शेवाळ उगवलेलंच हवं असतं, त्यामुळे घाई नकोच.

ठाणेकर_रीफ
बेटांची मापं लिहून घेतली. आता क्रम सांगाल का? तिघांपैकी आधी कोण? आणि क्वारंटाइनला जुना ३ फुटांचा टँक चालेल का?

क्षार_ताई
चालेल. ३ × १.५ × १.५ म्हणजे १९० लिटर, एका टँगला महिनाभर ठीक. मात्र त्यातली वाळू-खडक पूर्ण काढा. औषधातलं तांबं ते शोषून घेतात, मात्रा घसरते आणि मोजणीवर भरवसा राहत नाही. आत फक्त ३-४ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो लपायला, एक हीटर, एक एअर पंप आणि महिनाभर आधी चालू टँकच्या संपमध्ये ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. क्लाउनफिश आधी यातच उपचार करून घ्या, ते निरोगी दिसले तरी परजीवी घेऊन नव्या टँकमध्ये जाऊ शकतात.

टँगवर पांढरे ठिपके (क्रिप्टोकॅरिऑन) सगळ्यात लवकर येतात, पावडर ब्लूवर तर हमखास. त्यावरचं औषध चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं तांबं) असेल तर मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू २.२५ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत न्या आणि तिथून सलग ३० दिवस मोजा. मध्ये एक दिवस जरी २ च्या खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रंग जुळवायचा टेस्ट किट इथे उपयोगाचा नाही, डिजिटल चेकर घ्या. वेगळ्या प्रकारचं, चिलेट नसलेलं कॉपर असेल तर मात्रा कितीतरी कमी असते. बाटलीवरचंच वाचा, दोन औषधांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. अमोनिया रोज तपासा. मुख्य टँकमध्ये ठिपके शिरलेच तर सगळे मासे बाहेर काढून तो ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो, म्हणून ही सगळी कटकट.

पिशवी उघडल्यावर दोन-दोन तास ड्रिप (टँकचं पाणी थेंबथेंब सोडणं) करू नका. प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच पडलेला असतो म्हणून तो त्रास देत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्वारंटाइनची क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याएवढी करून ठेवा, बंद पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडा आणि मासा लगेच सोडा. पिशवीचं पाणी बादलीत.

खारवा
क्रम: निळा आधी, तिघांत तो सर्वांत सौम्य. मग पिवळा. पावडर ब्लू सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यासोबत अकँथुरस गटातला दुसरा मासा कधीच नाही. तिघांचे आकार वेगळे आहेत ही जमेची बाजू. टँग स्वतःसारख्या आकाराच्या माशाला पहिलं टार्गेट करतो. प्रत्येक नव्या माशाला आठवडाभर टँकमध्येच, भोकं असलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक पेटीत ठेवा. जुना मासा पेटीवर धडका मारायचा थांबला आणि शेजारी चरायला लागला की सोडा. संध्याकाळी, दिवे मंद करून.

खरं सांगायचं तर ६ × २ फुटांत तिसरा म्हणून पावडर ब्लू मी सुचवणार नाही. त्याच्या जागी टोमिनी घ्या आणि तो निळ्याच्याही आधी टाका. पावडर ब्लू हवाच असेल तर पिवळा सोडा.

खाण्याचं: टँगचं पोट लहान, आतडं लांब, दिवसभर चरणारा प्राणी आहे. सुशीसाठी मिळणारी साधी भाजलेली नोरी, मीठ-तेल-मसाला न लावलेली, तळहाताएवढा तुकडा क्लिपला लावून सकाळी आणि दुपारी. दोन टँग असतील तर दोन टोकांना दोन क्लिप. नाहीतर एकच मासा दोन्ही वेळा खातो. डोळ्यांच्या मागे पोट आत गेलेलं आणि पाठीचा वरचा भाग सुरीसारखा दिसला तर खाणं कमी पडतंय. डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर खड्डे दिसले तर खाण्यासोबत फिल्टरमधला कार्बनही तपासा. न धुतलेल्या कार्बनची भुकटी पाण्यात फिरते आणि त्याने हे होतं.

मरुभूमीतून
दुबईहून लिहितोय. इथे सोहल टँग स्थानिक मासा, म्हणून दुकानांत सहज मिळतो, आणि भारतात सुट्टीला जाताना न्यावा का असं अधूनमधून कोणी विचारतं. ४० सेंटिमीटर होतो, आणि आख्ख्या टँकवर एकट्याचा हक्क सांगणारा मासा आहे. ८ फूट, अडीच फूट रुंद, आणि त्यात तो शेवटचा, असं असेल तरच. ६ फुटांत सोहल आणि पावडर ब्लू एकत्र टाकू नका.

निळीलाट
ठाणेकर, पिवळा टँग टँकमध्ये पैदास केलेला मिळाला तर तोच घ्या. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली पहिल्यांदा त्याची पिल्लं वाढवण्यात यश आलं, आणि हवाईतल्या व्यापारी मासेपकडीवर न्यायालयाने बंधनं आणल्यावर आता बाजारात पैदाशीचा मासा दिसतो. महाग पडतो, पण गोळी-खाणं पहिल्या दिवसापासून खातो. येतो मात्र चार-पाच सेंटिमीटरचा. त्याला आधी टाकलेला निळा मोठा असेल तर पेटीतला मुक्काम दोन आठवडे करा.

ठाणेकर_रीफ
ठरलं असं: ६ × २ × २, काच १२ एमएम, वर चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या. भिंतीखाली बीम आहे का ते नकाशात बघतो आणि इंजिनियरला बोलावतो. टोमिनी, निळा, पिवळा, याच क्रमाने. पावडर ब्लू बाद. टँक जोडून झाल्यावर लगेच खारं पाणी भरलं तर चालेल?

बीम_कॉलम
नको, आधी साधं नळाचं पाणी. स्टँड रिकामा असतानाच पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची लेव्हल बघा. ठाण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये फरशीला बाल्कनीकडे उतार दिलेला असतो. ६ फुटांत ३ एमएमपेक्षा जास्त फरक निघाला तर स्टँडच्या पट्टीखाली पूर्ण लांबीची पातळ पट्टी सरकवा, फक्त कोपऱ्यात कपचा नको. तळाची काच सपाट प्लायवर बसत असेल तर मध्ये १० एमएम फोम, वाळूचा एखादा कणही तिथे राहू देऊ नका.

मग एक तृतीयांश भरा आणि एक दिवस थांबा. दोन तृतीयांश, पुन्हा एक दिवस. पूर्ण भरून ७२ तास. खालच्या सगळ्या जोडांखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा. काचेवर न दिसणारी ओल कागदावर लगेच काळपट उमटते, आणि कुठल्या जोडातून ते कळतं. समोरच्या काचेच्या मध्यावर सूत ताणून फुगवटा मोजा, रिकाम्या टँकचा आणि भरलेल्याचा. फरक ३ एमएमच्या आत असला तर ठीक, जास्त आला तर वरच्या पट्ट्यांच्या मध्ये एक आडवी पट्टी वाढवून मगच पुढे जा.

क्षार_ताई
आणि ते पाणी उपसण्याआधी पंप, चिलर, ओव्हरफ्लो सगळं एक दिवस त्याच साध्या पाण्यावर चालवून घ्या. गळती, आवाज, उलटा प्रवाह, जे काही निघायचं ते तेव्हाच निघू दे. खाऱ्या पाण्याला संप धरून साधारण ७०० लिटर आणि २६-२७ किलो मीठ लागेल. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेलं पाणी साठवायला आठवडाभर आधी सुरुवात करा.